जाहिरातीतला ‘किंवा’

दिवाळी अंकात काहीतरी गोड लिहावे असा संकेत आहे आणि आजवर तो मी बहुधा पाळत आलो. यंदा मात्र एक कबुली देऊन टाकतो. माझ्या अर्धवट शहाणपणापायी आमच्या शाहूपुरीतल्या एका मुलीचे एक वर्ष वाया गेले. तिच्या घरच्यांनी ती गोष्ट केव्हाच पोटात घातली आहे. माझ्या पोटात ती अजून पचलेली नाही.

प्रत्येक गल्लीत एखादे ‘विचारायला जाण्याजोगे’ घर असते. आमच्या गल्लीत ते दुर्दैवाने माझे आहे. उभी हयात कचेरीत कागद चिवडण्यात गेल्यामुळे मला सरकारी भाषा कळते असा शेजाऱ्यांचा समज आहे, आणि तो खोडून काढावा इतका विनय माझ्यापाशी नाही. घरफाळ्याची नोटीस, रेशनकार्डावरचे चुकलेले नाव, शाळेच्या दाखल्यावरची खाडाखोड असे काहीबाही घेऊन मंडळी येतात. मी चष्मा लावतो, दोनदा ‘हं’ म्हणतो आणि सल्ला देतो. चहा त्यांच्याकडचा किंवा आमच्याकडचा, पण सल्ला नेहमी माझा.

२०२३ च्या जूनमध्ये असेच अण्णा आले. अण्णा गुळाच्या अडतीवर हिशेब लिहितात. शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसवली तीच व्यापारासाठी. पुढे गुळाचा बाजार मार्केट यार्डात गेला, पण गुळावर जगणारी घरे अजून इथेच आहेत, त्यांतले हे एक. अण्णांच्या हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. रिझर्व्ह बँकेत ‘ग्रेड बी’ अधिकाऱ्यांच्या २९१ जागा. अर्जाची मुदत नुकतीच उलटून गेली होती, पण त्यांना पुढल्या वर्षाचे विचारायचे होते.

“आमची धाकटी बसल का ह्याला?” त्यांनी विचारले.

धाकटी म्हणजे त्यांची दुसरी मुलगी. चुणचुणीत. अस्सल कोल्हापुरी असल्यामुळे “मी आलो, काका”, “मी अभ्यास करतो, काका” असे बोलणारी. पुण्याच्या पाहुण्यांना हे ऐकून गंमत वाटते, आम्हांला त्यांच्या गमतीची गंमत वाटते. बी. कॉम. झालेली, ५८.९० टक्क्यांनी. दोन वर्षे एका हिशेबतपासनिसाच्या कचेरीत काम करून मग तिने एम. कॉम.ला नाव घातले होते आणि पहिले वर्ष नुकतेच पार पडले होते. पुण्यातल्या एका शिकवणी वर्गाचे पत्रकही अण्णांनी आणले होते. त्यावर ठळक अक्षरांत छापले होते: पदवीला ६० टक्के, मागासवर्गीयांस ५०.

अण्णांचे घर इतर मागासवर्गात मोडते. मी चष्मा पुसला आणि छातीठोकपणे सांगितले, “मग झालं तर! पन्नास लागतात, तिला जवळजवळ एकोणसाठ आहेत. एम. कॉम.चं दुसरं वर्ष करीत बसू नका. पुण्याला पाठवा.”

आणि त्यांनी पाठवले. वहिनींची भिशी फुटली, ती वर्गाच्या फीला गेली. वसतिगृहाचे पैसे अण्णांनी अडतीवरून उचल घेऊन भरले. पोरगी एस. टी.त बसली तेव्हा मी स्वतः स्टँडवर गेलो होतो. शाहूपुरीतून स्टँड तो किती लांब!

वर्षभर ती तिकडे राबली. परीक्षाही तशीच आहे. पहिल्या टप्प्याला दोन तासांत २०० गुण: सामान्यज्ञानाचे ८०, तर्कबुद्धीचे ६०, इंग्रजी आणि गणित प्रत्येकी ३०. उत्तर चुकले की प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो. त्यातून तरले तर दुसऱ्या टप्प्यात शंभर-शंभर गुणांचे तीन पेपर: एक देशाच्या आर्थिक व सामाजिक प्रश्नांचा, एक इंग्रजी लेखनाचा, एक अर्थव्यवहार आणि व्यवस्थापनाचा. आणि शेवटी ७५ गुणांची मुलाखत. इंग्रजी निबंध कागदावर लिहायचा नसतो, यंत्रावर टंकित करायचा असतो. म्हणून धाकटीने तिकडे टंकलेखनही शिकून घेतले.

२०२४ ची जाहिरात जुलैच्या अखेरीस आली. पाऊस कोसळत होता, पंचगंगा चढत होती आणि सगळ्या गावाचे डोळे राजाराम बंधाऱ्यावरच्या पाण्याच्या आकड्याकडे लागले होते. धाकटी सुट्टी काढून घरी आलेली. या खेपेला जागा फक्त ९४. आदल्या वर्षीच्या २९१ वरून एकदम ९४! या बँकेच्या भरतीचे हे असेच असते. २०२१ मध्ये ३२२ जागा निघाल्या होत्या. ‘पुढल्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवलेले बरे. पण जागा कमी म्हणून पोरगी डगमगली नव्हती. ती अर्ज भरायला बसली, पात्रतेचा परिच्छेद तिने मोठ्याने वाचला आणि वाचता वाचता थांबली.

अण्णा मला हाक मारायला आले तेव्हा छत्रीसुद्धा घेतली नव्हती.

जाहिरातीत लिहिले होते ते असे: पदवीला किमान ६० टक्के. कंसात, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ५०. बस्स. त्या कंसात इतर मागासवर्ग नव्हता. त्या वर्गाला २७ टक्के जागा राखीव असतात, वयात तीन वर्षांची सवलत मिळते, परंतु गुणांत काडीचीही सवलत नाही. पत्रक छापणाऱ्याने सगळ्यांना ‘मागासवर्गीय’ म्हणून एका पोत्यात भरले होते, आणि मी ते पोते उघडून न पाहता तोलून दिले होते. मूळ जाहिरात दहा मिनिटे वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. वास्तविक २०२३ ची जाहिरातही याच शब्दांत होती.

धाकटी काही बोलली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ती उठली आणि बंब पेटवायला गेली.

त्या रात्री मी ती जाहिरात ओळ न् ओळ वाचली. आयुष्यात प्रथमच, हे सांगायला लाज कसली! वाचकहो, तुमच्या घरी पदवीच्या उंबरठ्यावरचे मूल असेल तर यातले काही तुमच्या कामी येईल म्हणून जरा तपशिलात शिरतो.

आधी वयाची गोष्ट, कारण आपल्या घरांत सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. उमेदवाराला २१ वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि ३० पूर्ण झालेली नसावीत. हे मोजायचे एका ठरावीक तारखेला. २०२४ ची तारीख होती १ जुलै. म्हणजे जन्म २ जुलै १९९४ च्या आधीचा नको आणि १ जुलै २००३ च्या नंतरचा नको. आता आपली बोलायची रीत काय? धाकटीची आत्या त्याच आठवड्यात म्हणत होती, “सव्विसावं सरत आलं पोरीचं, आता कसल्या परीक्षा!” मुलगी ऑगस्ट १९९८ ची. १ जुलैला तिला २५ पूर्ण होती. आपण चालू वर्ष सांगतो, जाहिरात पूर्ण झालेले वर्ष विचारते. लग्नाच्या बाजारात हा एका वर्षाचा फरक फार तर पाहुण्यांत चर्चेचा विषय होईल. परीक्षेच्या बाबतीत यावरून एकदा कोर्टकचेरी झाली आहे.

ती हकिगत मोठी मासलेवाईक आहे. १८६९ साली विलायतेत आय. सी. एस.च्या परीक्षेत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. तिघे बंगाली: सुरेन्द्रनाथ बॅनर्जी, रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त. चौथे आपल्या मुंबई इलाख्यातले, श्रीपाद बाबाजी ठाकूर. परीक्षेला वयाची मर्यादा होती २१ वर्षांची. निकालानंतर अधिकाऱ्यांनी कागद चाळले आणि बॅनर्जी व ठाकूर यांच्या वयाबद्दल शंका काढून दोघांची नावे यादीतून खोडून टाकली. घोळ झाला होता तो असा, की मॅट्रिकच्या वेळी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे चालू वर्ष सांगितले गेले होते. सोळावे लागलेला मुलगा आपण सोळा वर्षांचा म्हणतो, इंग्रज त्याला पंधरा म्हणतो. बॅनर्जींनी लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली, आणि अखेर दोघांचीही नावे यादीत परत आली. पुढे बॅनर्जी राष्ट्रीय चळवळीतले मोठे पुढारी झाले. ठाकूर मुंबई इलाख्यात नोकरीला रुजू झाले. परीक्षेत उत्तीर्ण होऊनही केवळ ‘लागले’ आणि ‘पूर्ण झाले’ यांतल्या अंतरापायी माणूस बाद होतो, हे दीडशे वर्षांपूर्वीचे आहे.

आणि दीडशे वर्षांपूर्वीचे म्हणून ते संपले आहे असेही नाही. आमच्या मागल्या घरात राधानगरीकडचा एक मुलगा भाड्याने राहत असे. एका पतसंस्थेत कारकून, रात्री अभ्यास. गुण उत्तम, पदवीला ६८ टक्के. पण शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९९४. आपल्याकडे १ जूनला जन्मलेली माणसे किती असतात हे कोणत्याही हजेरीपटात पाहावे! पोर सहा वर्षांचे दिसते ना, मग शाळा सुरू व्हायच्या सुमाराची तारीख टाकून गुरुजी नाव घालत. आईबापांनाही पोर लौकर शाळेत गेले याचाच आनंद. या मुलाची आई सांगते, जन्म श्रावणातला, भाताच्या लावण्या उरकल्या होत्या. म्हणजे ऑगस्ट धरला तर २०२४ साली तो पात्र होता. पण बँक ऐकते ते शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्राचे. आईचे पंचांग तिथे चालत नाही. गुरुजींच्या लेखणीने त्याला तीस वर्षे आणि एक महिन्याचा करून ठेवला होता.

मी त्याच्यासाठी पळवाट शोधत बसलो. नियमात एक सवलत आहे: व्यापारी बँकांत किंवा अखिल भारतीय वित्तसंस्थांत अधिकारी म्हणून काम केलेल्यांना, जितकी वर्षे पुरी झाली असतील तितकी, जास्तीत जास्त तीन वर्षे, वयात सूट मिळते. उमेदवारीचा काळ त्यात धरत नाहीत. पण ‘अधिकारी’ म्हटले आहे, आणि ‘बँक’ म्हटले आहे. पतसंस्थेतला कारकून दोन्हीकडून बाहेर. एम. फिल. असते तर मर्यादा ३२, पीएच. डी. असती तर ३४. तीही नव्हती. तो म्हणाला, “जाऊ द्या काका, मला सवय हाय.” कसली सवय, हे मी विचारले नाही.

खुल्या वर्गाच्या उमेदवाराला आणखी एक कुंपण असते: पहिल्या टप्प्याला सहा वेळा बसून झाले की दार बंद. राखीव जागांसाठी बसणाऱ्या अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना ही गणती लागू नाही. ‘बसून तरी पाहू, काय बिघडतं’ म्हणून तयारी नसताना पोराला परीक्षेला धाडणाऱ्या वडिलांनी हे ध्यानात घ्यावे. सहांतली एक खर्ची पडते.

दाखल्यांचा कारभार तर स्वतंत्र पुराणच आहे. थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँक केंद्राच्या नियमांनी चालते, महाराष्ट्राच्या नव्हे. इतर मागासवर्गाची राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. आपली जात केंद्राच्या यादीत आहे ना हे आधी पाहावे, आणि ‘उन्नत गटात मोडत नाही’ हा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढावा. मराठा समाजासाठी महाराष्ट्राने २०२४ साली कायदा करून १० टक्के आरक्षण ठेवले, ते राज्याच्या नोकऱ्यांपुरते. रिझर्व्ह बँकेच्या अर्जात त्याचा रकाना नाही. २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना केंद्रात १० टक्के जागा राखीव आहेत. मात्र या घटकाला वयात किंवा गुणांत सवलत नाही, जागा तेवढ्या राखीव. दाखला नाही म्हणून ऐनवेळी तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेली पोरे मी पाहिली आहेत.

या सवलतींवरून आमच्या कट्ट्यावर हमखास वाद पेटतो. कुणीतरी म्हणतेच, “आमच्या वेळी हे नव्हतं.” कोल्हापुरात बसून असे म्हणणाऱ्याची मला गंमत वाटते. २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात महाराजांची आज्ञा छापून आली, की यापुढे दरबारच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना द्याव्यात. महाराज तेव्हा विलायतेत होते. म्हणजे जिच्या कंसावरून आमचा वाद चालला होता, त्या जाहिरातीची आजी याच गावात जन्मली. आणि महाराज नुसता हुकूम काढून थांबले नाहीत. पोरे शिकल्याखेरीज त्या निम्म्या जागा भरायच्या कुणी? म्हणून १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे निघाली: मराठ्यांचे, जैनांचे, मुसलमानांचे, लिंगायतांचे, अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९१७ साली सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण. आज अण्णांना मुलगी पुण्याला ठेवायला अडतीवरून उचल घ्यावी लागते, त्या वेळी हे काम दरबार करीत होता. असो. हे लिहिताना मी अर्थातच पुढच्या मंडळींच्या टपल्या खायला तयार आहे.

गुणांच्या बाबतीत एक जुनी अट मात्र गेली, हे चांगले झाले. २०१८ च्या जाहिरातीत दहावी, बारावी आणि पदवी अशा तिन्ही ठिकाणी ६० टक्के मागितले होते. पंधराव्या वर्षी कावीळ होऊन दहावीत घसरलेला मुलगा पुढे विद्यापीठात पहिला आला तरी बाद! २०२१ च्या जाहिरातीपासून दहावी-बारावीचे हे ओझे उतरले. आता पदवीकडे पाहतात, तेही सर्व वर्षांची मिळून टक्केवारी. शेवटच्या वर्षी ७० पाडले म्हणून पहिल्या वर्षाचे ४८ विसरले जात नाहीत. ५९.९९ म्हणजेही ६० नव्हेत. आणि निकाल जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत लागलेला हवा. ‘पेपर चांगले गेलेत’ हे तिथे सांगून भागत नाही.

शाखा मात्र कोणतीही चालते. वाणिज्यच हवे, अर्थशास्त्रच हवे असे काही नाही. बँकेच्या अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र या विभागांसाठी त्या त्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते, पण ती भरती निराळी. ‘बँकेत जायचंय ना, मग कॉमर्स घे’ असे म्हणून संस्कृतची किंवा रसायनाची आवड असलेल्या मुलांना पुष्कळ घरांत जबरीने खतावणीला जुंपतात. चिंतामणराव देशमुखांची आठवण अशा वेळी द्यावीशी वाटते. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला हा मुलगा १९१२ साली मॅट्रिकला पहिला येऊन संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवतो, केंब्रिजला जाऊन निसर्गविज्ञान शिकतो, त्यातही वनस्पतिशास्त्राचे बक्षीस पटकावतो, बाविसाव्या वर्षी आय. सी. एस.ला पहिला येतो, आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर होतो. १९३५ साली निघालेली ही बँक तेव्हा आठ वर्षांची होती. संस्कृत आणि वनस्पती! खतावणीचे नाव नाही.

मी हे सारे दुसऱ्या दिवशी अण्णांच्या स्वयंपाकघरात बसून सांगत होतो. सांगत होतो म्हणजे खरे तर अपराधी मनाने बडबडत होतो. अण्णा भिंतीकडे पाहत होते. धाकटी तांदूळ निवडत होती. वहिनी चुलीपाशी उभ्या राहून जाहिरातीचा कागद वाचत होत्या. वहिनी जुन्या मॅट्रिक. त्यांना सवय आहे ती कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचायची, किराण्याच्या पुडीचासुद्धा.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “पूर्णविराम कुठंय इथं?”

“कुठे म्हणजे?”

“साठ टक्के, कंसात पन्नास, आणि पुढं ‘किंवा’ आहे की. किंवा पदव्युत्तर पदवीला पंचावन्न टक्के.”

मी कागद घेतला. होते. तेच वाक्य, कंस संपल्यानंतर. पदवीला ६० किंवा पदव्युत्तर पदवीला ५५. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना तिथे नुसते उत्तीर्ण होणे पुरे. रात्री मी ओळ न् ओळ वाचली असे वर लिहिले आहे, ते तितकेसे खरे नाही म्हणायचे. चुकीच्या कंसापाशी माझे डोळे असे अडकले होते, की पुढल्या शब्दाकडे ते गेलेच नाहीत.

म्हणजे जे एम. कॉम. मी तिला सोडायला लावले, तेच तिचे दार होते.

पुढचा हिशेब अण्णांनी केला. माणूस हिशेबाचा. पहिल्या वर्षाला तिला ५३.५० टक्के होते. सर्व सत्रांचे मिळून ५५ हवेत, तर दुसऱ्या वर्षाला किमान ५६.५० पाहिजेत. वयाचे काय? इतर मागासवर्गाला ३३ पर्यंत मुभा, म्हणजे काळजी नाही. आत्याबाईंचे सव्विसावे खुशाल सरो. त्यांनी आकडे किराण्याच्या वहीच्या मागे लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या, अडतीवर बेरीज जुळल्यावर मारतात तशा.

“मी भरतो फॉर्म एम. कॉम.चा,” धाकटी म्हणाली. ताट बाजूला ठेवून ती तेवढ्यासाठीच उठली.

वर्ष गेले ते गेलेच, त्याची भरपाई नाही. २०२३ लाच दुसरे वर्ष केले असते तर २०२४ च्या जाहिरातीला ती पात्र ठरली असती. हे तिने मला कधी बोलून दाखवले नाही. मीच मनात मोजत असतो. तिने २०२४-२५ मध्ये दुसरे वर्ष केले, दिवसा पुन्हा त्याच हिशेबतपासनिसाकडे काम करून. राधानगरीच्या मुलाने गावी परत जाताना आपल्या वह्या तिला देऊन टाकल्या. अर्थशास्त्राच्या चार, चालू घडामोडींच्या सहा. अक्षर मोत्यासारखे. पहिल्या पानावर स्वतःचे नाव होते तेवढे त्याने खोडले होते.

२०२५ च्या जूनमध्ये निकाल लागला. दुसऱ्या वर्षाला ५८, एकूण ५५.७५. अण्णांनी पेढे वाटले नाहीत. गुळाची ढेप फोडली आणि गल्लीभर खडे वाटले. आमच्याकडे आला तो खडा जरा मोठा होता असे माझ्या पत्नीचे म्हणणे आहे.

सप्टेंबरात जाहिरात आली, १२० जागांची. या खेपेला ती वहिनींनी वाचली, मोठ्याने, आम्हां तिघांना समोर बसवून. मध्ये कुणी बोलायचे नाही अशी ताकीद होती. ‘किंवा’ आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुढे वाचू लागल्या. जन्मतारीख, दाखल्याचा नमुना, निकालाची तारीख, छायाचित्राचा आकार, सगळे झाल्यावर अर्ज भरला.

२०२५ साली धनत्रयोदशी आली १८ ऑक्टोबरला, आणि पहिल्या टप्प्याची परीक्षाही त्याच दिवशी. वहिनींनी तिला पहाटे उठवून उटणे लावले. वास्तविक अभ्यंगस्नान नरकचतुर्दशीचे, पण त्या म्हणाल्या, परीक्षा आज आहे तर पाणीही आजच. दारात पणती लावली. निघताना ती मला वाकून नमस्कार करू लागली तेव्हा मी पाय मागे घेतले.

पहिल्या टप्प्यात ती राहिली. थोडक्यात राहिली असे ती म्हणते. सामान्यज्ञानाने हात दिला, गणिताने दगा दिला. दुसऱ्या दिवसापासून गणिताचे पुस्तक उघडे. तिला अजून वर्षे आहेत आणि बसण्याची गणतीही नाही. आमच्या पहिल्या गल्लीत १९४३ साली निघालेल्या रत्नाकर बँकेची, म्हणजे आजच्या आरबीएलची, नोंदणीकृत कचेरी आहे. तिच्यावरून जाताना वहिनी म्हणतात, “एक दिवस आमची धाकटी ह्यांचं दप्तर तपासायला येईल.” धाकटी म्हणते, “आई, हळू बोल, लोक ऐकतात.”

परवा संध्याकाळी पलीकडल्या वाड्यातले एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. हातात कसलेसे छापील पत्रक. “जरा बघता का, पोरगा बसू शकंल का ह्याला?”

मी चष्मा काढला, केसात घालून ठेवला आणि त्यांना घेऊन अण्णांच्या घरी गेलो. वहिनी चकल्या पाडत होत्या. म्हणाल्या, “पत्रक नको. मूळ जाहिरात आणलीय का?”